ठमाबाईचा हातगुण

“मॅडम, डहाळ्यांची जुडी पायजे का? पाच झाडांची हाय, आताच आनलीय,” ठमाबाई म्हणाली आणि प्राप्तीचा पिशवी उघडणारा हात होता तिथेच थांबला.

पनवेलच्या बाजारात बुधवारची संध्याकाळ होती. दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार, म्हणून रस्त्याच्या दोन्ही कडांना शेवंतीचे ढीग, आंब्याचे टहाळे, केळी, नारळ आणि बायकांची झुंबड. प्राप्ती खाली मान घालून नुसती पानं बघत होती, विकणारीकडे तिनं पाहिलंच नव्हतं. आवाज मात्र ओळखीचा. तीन वर्षं रोज सकाळी हाच आवाज प्रयोगशाळेच्या दारातून “आलीस का गो बाय?” म्हणून विचारायचा. त्याच तोंडातून आज ‘मॅडम’ आलं आणि कुणीतरी भर बाजारात आपल्या अंगावरची शाल ओढून घ्यावी तसं तिला झालं. “एक द्या,” ती हळूच म्हणाली. ठमाबाईनं जुडीला हात लावला नाही. शेजारी बसलेल्या बाईला, आपल्या जावेला, ती म्हणाली, “येसूबाय, तू उचलून दे गो यांना.” यांना. येसूबाईनं जुडी दिली, ठमाबाईनं तोंड फिरवून पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली. इतकंच झालं. कुणी काही बोललं नाही, कुणी पाहिलं नाही.

खोलीपर्यंतच्या रस्त्यात प्राप्तीच्या डोक्यात ते एवढंसं दृश्य पुन्हा पुन्हा उलगडत राहिलं. माझ्या हातात हातानं द्यायलाही नको वाटलं तिला. बरोबरच आहे. मग लगेच, बरोबर कसं? तिला काय माहीत? तिला काहीच माहीत नाही. हा विचार आला आणि त्याच्या पाठोपाठ एक हलकेपणाही आला. त्या हलकेपणाची प्राप्तीला अशी शिसारी आली की ती रस्त्याच्या मधोमध थांबली आणि मागच्या रिक्षावाल्यानं तिला चार शब्द सुनावले. प्राप्ती हळू बोलणारी मुलगी होती. शाळेपासून सगळे तिचं कौतुक करत आले ते यासाठीच. रोज पहाटे दिवा, पोथीचा एक अध्याय, त्याआधी पाण्याचा घोट नाही. कधी कुणाशी वर आवाज नाही. हळू बोलणाऱ्या माणसानं एखादी गोष्ट बोललीच नाही तर ती कुणाच्या लक्षातही येत नाही, हे किती सोयीचं असतं, ते मात्र या दोन महिन्यांत तिचं तिलाच कळलं होतं.

ठमाबाईनं तिला ओळखलं होतं ते पहिल्याच दिवशी. खाडीवरच्या टेकाडावर ते संशोधन केंद्र. प्राप्ती नवी नवी आलेली, पायरीवर उभी राहून आईशी फोनवर बोलत होती, तर फरशी पुसणारी बाई कंबरेवर हात ठेवून समोरच येऊन उभी राहिली. “तू बुधाजीची नात ना गो? आगरावरल्या बुधाजीची? अगो, तुला मीच न्हाऊ घातलेलं पयला महिनाभर! पाय आखडून घ्यायचीस, असं.” तिनं पाय आखडून दाखवला. पेणकडच्या त्या खाडीकाठच्या चार गावांत बाळंतिणीच्या घरी ठमाबाईलाच बोलावणं असायचं. तिचा हातगुण चांगला, तिनं तेल लावलेलं पोर धडधाकट निघतं, असं लोक म्हणायचे. प्राप्तीबरोबर काम करणारी भाविका तोंडावर हात ठेवून हसली होती. आणि प्राप्तीनं शुद्ध, पुस्तकी मराठीत उत्तर दिलं होतं, “हो का? मला आठवत नाही.” काय आठवणार होतं, महिन्याच्या पोराला? पण तिनं ते उत्तर दिलं होतं भाविकासाठी. ठमाबाईला त्याचं काही वाटलं नाही. ती रोज तिला बाय म्हणत राहिली आणि प्राप्ती रोज तिला अहोजाहो करत राहिली.

एकदाच, फक्त एकदा, ती घसरली होती. ठमाबाई काचेच्या बाटल्या मांडत होती आणि तिनं विचारलं, “त्या थेंबानं काय होते गो? सारखा थेंब थेंब घालतंस.” प्राप्तीनं सांगायला घेतलं आणि सांगता सांगता रंगली. आरएनए म्हणजे पेशीतला एक लांब धागा, चारच अक्षरांनी लिहिलेला. बहुतेक धाग्यांना कापायला, जोडायला दुसरं कुणी लागतं. हा धागा मात्र आपला आपणच कापतो. मधला भाग स्वतःला तोडून बाहेर पडतो आणि दोन्ही बाजूंची टोकं अशी सांधून देतो की मध्ये काही होतं याची खूणही राहत नाही. पण त्यासाठी आधी त्याला नीट घडी पडावी लागते. चादरीची चार टोकं जुळावीत तशी याच्या अंगातली अक्षरं एकमेकांना शोधतात, जोड्या लावतात, वाकतात, आणि मधोमध एक खोबण तयार होते. त्याच अंगात सहा अक्षरांची एक वाटाडी ओळ असते. ती कुठे कापायचं ते हुडकते. जुळणारी सहा अक्षरं सापडली की त्यांना धरून खोबणीत आणून बसवते. गंमत म्हणजे त्या सहा जोड्यांतली एक जोडी जरा ढिली असते, पुरती न जुळणारी. कात्री नेमकी तिथेच चालते. “आणि थेंब?” ठमाबाई आपलं धरून बसली होती. “धागा आपल्याच अंगाला सारखा दूर ढकलत असतो. हा थेंब घातला की जवळ येतो, घडी पक्की बसते. मॅग्नेशियम म्हणतात. आपल्या आगरात मीठ काढून घेतल्यावर मागं कडू पानी उरतं ना, त्यात हाय ते.” आपल्या. पानी. हाय. प्राप्तीचं तिलाच ऐकू आलं. आजोबांच्या मिठागरात लहानपणी तिचा पाय कापला होता आणि त्या कडू पाण्यानं असा चरचरला होता की ती आठवडाभर बांधावर गेली नव्हती. ठमाबाई मोठ्यानं हसली, “म्हंजे शिकून सवरून कडू पान्यालाच आलीस की गो परत!” त्या दिवसापासून प्राप्तीचा तो निळा नळ्यांचा डबा ठमाबाईच्या लेखी ‘आपला’ झाला. इतरांचं सामान ती पुसायची. त्या डब्यावरून हात फिरवायची.

खोलीवर आल्यावर प्राप्तीनं जुडी ओल्या फडक्यात गुंडाळून देवाच्या कोपऱ्यात ठेवली. तिच्याकडे बघवेना. दोन महिन्यांपूर्वी, नवरात्रात, याच कोपऱ्यात तिनं घट बसवला होता. नऊ दिवस अखंड दिवा, असा तिचा संकल्प. घरमालकीण नलूताई दिवसा तेल घालायची. नेमकी खंडेनवमीला ती माणगावला लेकीकडे गेली आणि दिव्यातलं तेल संध्याकाळी सहापर्यंतच पुरणार होतं. केंद्रात त्या दिवशी शस्त्रपूजा. आरएनएच्या खोलीत हार-फुलं न्यायची नाहीत असा तिचे मार्गदर्शक वर्तक सर यांचा दंडक होता, म्हणून बाहेरच्या यंत्रांनाच झेंडूच्या माळा. आणि प्राप्तीला साडेचारला रात्रभराचा प्रयोग लावून निघायचं होतं. थंडीत ठेवलेला धागा नळीत कसाही गुंतलेला असतो. त्याला आधी कडकडीत तापवायचं, सगळ्या घड्या मोडू द्यायच्या, मग सावकाश निवू द्यायचं, आणि मगच मॅग्नेशियम. चाळीस मिनिटं. तिनं घड्याळाकडे पाहिलं. दिवा डोळ्यांपुढे आला, वात काळी पडलेली. आणि तिनं धागा न तापवताच थेंब घातला. एक वेळ चालून जाईल. असं तिनं मनाशी म्हटलं नाहीसुद्धा, हातानंच म्हटलं. ती पोचली तेव्हा दिवा तेवत होता. तिनं तेल घातलं, हात जोडले आणि देवीचे आभार मानले.

दसऱ्याची सुट्टी मध्ये गेली. तिसऱ्या दिवशी नळी उघडली तर काहीच कापलं गेलं नव्हतं. सहा नळ्या, बारा महिने खपून केलेला धागा, समितीची बैठक पंधरा दिवसांवर. वर्तक सर आले, त्यांनी निळा डबा उचलला आणि त्यांची नजर झाकणावर थांबली. झाकणावर कुंकवाचं एक बोट होतं. त्यांना दुसरं काही शोधायची गरजच उरली नाही. माणसाच्या बोटांच्या घामात असं एक द्रव्य असतं की आरएनएचा भुगा होतो, हे तिथल्या शिपायालाही पाठ होतं. कुंकू, बोट, आणि केंद्रात रोज कपाळभर कुंकू लावून येणारी एकच बाई. त्यांनी ठमाबाईला बोलावलं. ओरडले नाहीत, ते ओरडणारे नव्हतेच. सगळ्यांसमोर शांतपणे म्हणाले, “बाई, तुमच्या या हातानं या मुलीचं वर्षाचं काम मातीत गेलं.” ठमाबाई म्हणाली, “तिला यश यावं म्हून लावलं व्हतं.” मग तिनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि प्राप्तीकडे पाहिलं. दुपारी ठेकेदाराच्या माणसानं तिचं ओळखपत्र काढून घेतलं.

त्याच दुपारी, ठमाबाई टेकाड उतरून गेल्यावर दोन तासांनी, प्राप्तीनं त्या सहा नळ्यांतला धागा तपासून पाहिला. जेलीच्या पातळ थरातून वीज सोडली की तुकडे धावतात. लहान पुढे, मोठे मागे. भुगा झालेला असता तर वरपासून खालपर्यंत धुरकट पट्टा दिसला असता. तसं काही नव्हतं. एकच रेघ होती, स्वच्छ, कोरलेल्यासारखी. धागा अख्खा होता. एका अक्षराचीही मोडतोड नव्हती. ठमाबाईच्या बोटानं झाकणापलीकडे काहीही गेलं नव्हतं. धाग्याला नुसती चुकीची घडी पडली होती, आणि वरून मॅग्नेशियम पडल्यामुळे तो चुकीच्याच घडीत घट्ट बसला होता. याचं तिला पुढे फार भय वाटू लागलं. असा चुकलेला धागा दिसायला हुबेहूब बरोबरच्यासारखा असतो. तेच वाक, त्याच जोड्या. आत कुठेतरी एक पदर दुसऱ्याच्या वरून जायचा तो खालून गेलेला. त्याला सुधारायचं तर जे बरोबर जुळलंय तेही सगळं सोडवावं लागतं. तो ते आपणहून सोडवत नाही. तासन्‌तास तसाच राहतो, नीटनेटका, निकामी. तिनं त्या रेघेचा फोटो वहीत चिकटवला, तारीख घातली, खाली काही लिहिलं नाही. शुक्रवारी सर सगळ्यांच्या वह्यांवर सह्या करायचे. त्याही पानावर सही आली. सर न बघताच सह्या करतात, असं ती धरून चालली. पुढच्या आठवड्यात तिनं थंडीत शिल्लक असलेला थोडासा धागा रीतसर तापवला, निववला, मग थेंब घातला. तो पहिल्या फटक्यात कापला. सर म्हणाले, “बघ, स्वच्छता पाळली की होतं.” प्राप्ती म्हणाली, “हो, सर.”

दोन महिने ती पोथी वाचत होती. पोथीतली राणी ऐश्वर्यात देवीला ओळखत नाही आणि म्हातारीला दारातून हाकलते, ती कथा तर गेल्या गुरुवारी तिनं मोठ्यानं वाचली होती, अडखळलीही नव्हती. आज गुरुवारच्या पहाटे कलश मांडताना त्या डहाळ्या तिच्या हातून बसेचनात. एक लावली की दुसरी कलायची. पाचवी हातात धरून ती तशीच बसून राहिली. मग पूजा अर्धी सोडून उठली. आयुष्यात पहिल्यांदाच.

“सर, खंडेनवमीचा प्रयोग,” ती सरांच्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली. “आरएनए खराब झालं नव्हतं. मी तापवलं नव्हतं. चूक माझी होती.”

सरांनी चष्मा काढला. “हे तू आज सांगतेस?”

“हो.”

“मी फोटो पाहिला होता,” ते म्हणाले. “सही करताना पाहिला. एवढी स्वच्छ रेघ, मला कळणार नाही का?”

प्राप्तीच्या कानात काहीतरी बंद झालं. सर बोलत होते ते लांबून येत होतं. समितीला काहीतरी कारण द्यायचं होतं. तुझ्या शिष्यवृत्तीची मुदतवाढ त्याच बैठकीत होती. सफाईवाल्या बाईनं नियम मोडला, हे कारण सुटसुटीत होतं आणि खोटंही नव्हतं, डब्याला हात लावायची तिला परवानगी नव्हतीच. “आणि तू गप्प राहिलीस. मला वाटलं, तुझ्या लक्षात आलंय. समजूतदार मुलगी आहेस.”

तिला वाटत होतं ती दोन महिने एकटी होती. ती एकटी नव्हती. समोरासमोर बसून दोघांनी मिळून ते केलं होतं, एक शब्द न बोलता, आणि त्यांनी तर ते तिच्यावरचे उपकार म्हणून केलं होतं.

“मला लेखी द्यायचंय,” ती म्हणाली.

“दे. पण मग ते समितीपुढे ठेवावं लागेल. मुदतवाढ राहील याची खात्री मी देणार नाही.” मग सौम्यपणे, “नीट विचार कर. उपास आहे ना आज? काहीतरी खा आधी.”

तिनं लिहिलं. सहाच ओळी. दुपारभर तो कागद पिशवीत घेऊन बसली. चार वाजता खाली उतरली आणि सरांच्या खोलीकडे न जाता बाजाराकडे निघाली. का, ते तिला पक्कं माहीत होतं. ठमाबाई म्हणेल, जाऊ दे गो बाय, झालं गेलं. तुझं शिक्षन नको बुडवू. ती म्हणेलच. तिचा जीवच तसा आहे. आणि तिनं एकदा म्हटलं की कागद फाडता येईल, तोही तिच्याच शब्दाखातर. हे सगळं प्राप्ती चालता चालता आपल्या मनात स्वच्छ बघत होती आणि तरीही पाय उचलत होती.

ठमाबाई कालच्याच जागी होती. “या मॅडम.”

“मावशी, मला मॅडम नको म्हणू गो,” प्राप्ती म्हणाली. आणि उकिडवी बसून, पहिल्यांदाच आपणहून गावच्या बोलीत, तिनं सगळं सांगितलं. दिवा, घड्याळ, न तापवलेला धागा, ती रेघ. “तुझ्या हातान कायपन झालं नाय. मीच चुकले.”

ठमाबाई पदरानं हात पुसायला लागली. मग म्हणाली, “नाय झालं? माझ्या हातान?”

“नाय.”

“मना दिवालीला नातू झाला,” ठमाबाई म्हणाली. “मी हात नाय लावला त्याला. सून बोलली, आत्या, सगल्या गावाची पोरा न्हाऊ घातलीस आनि ह्याला नाय? मी बोलले, माझा हात दुखते. देवाला हात लावत नाय. ही पानं देवाला जातात, तीपन मी उचलत नाय, ही येसू उचलते. तुला मॅडम बोलले, कुठल्या तोंडान बाय बोलू? तुझं वरीस खाल्लेलं मी.” तिनं दोन्ही तळवे समोर धरले, उलटे केले, सुलटे केले. “येसूबाय, ऐकलंस काय गो? माझा हात चांगला हाय!”

“मी कवापासून तेच सांगतेय तुला,” येसूबाई म्हणाली. “पन तू शिकल्यासवरल्यांचं ऐकनार.”

ठमाबाईचे डोळे भरून आले होते, ती हसत होती, आणि मग हसता हसताच काहीतरी हिशेब लागल्यासारखी ती थांबली. “तुला कंदी कललं ह्ये?”

“त्याच दिवशी. दुपारी.”

“त्याच दिवशी,” ठमाबाई म्हणाली.

प्राप्तीनं घाईघाईनं कागद काढला. “मी लिवून आनलंय. साहेबांना द्यायला. वाचून दाखवू?”

“दिलंस त्यांना?”

“अजून नाय.”

“मंग मना कशाला दाखवतंस?”

प्राप्तीनं कागदाची घडी पुन्हा घातली. ठमाबाईनं तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. न्हाऊ घालताना पोराचं अंग कुठे दुखतंय ते बघावं तसं पाहिलं. तिला ते सापडलं असावं.

“मी फाड बोलू, असं पायजे तुला,” ती सावकाश म्हणाली. “नाय बोलनार. आनि दे पन नाय बोलनार. तुझं तू बघ. पोराच्या आंगोलीची येल झाली, मी घरा जाते.” ती उठली, पातळ झटकलं. जाता जाता तिनं ढिगातून शेवंतीची वेणी स्वतःच्या हातानं उचलली, डोक्यात माळली, आणि मागं न बघता एसटी स्टँडकडे चालू लागली. येसूबाई पाणी शिंपडत राहिली. “उठा आता,” ती म्हणाली, “गिऱ्हाईक खोलंबलंय.”

प्राप्ती टेकाड चढली तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. वर्तक सर निघायच्या तयारीत होते. त्यांनी कागद उभ्या उभ्या वाचला, एकदा, मग दुसऱ्यांदा.

“ठमाबाईंचं काय, सर?”

“ती जागा तेव्हाच भरली. नवीन मुलगी चांगली आहे.” त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि पेन तिच्यापुढे केलं. “तारीख घातली नाहीस.”

“कुठली घालू?”

“कुठली म्हणजे? आजची.”

तिनं पेन हातात घेतलं. खंडेनवमीची घालावी, की त्यानंतरच्या त्या दुपारची? सरांनी घड्याळाकडे पाहिलं. तिनं आजची घातली. सरांनी कागदाला भोकं पाडली, तो फायलीत लावला, आणि तिच्या खांद्यावर हलकेच थोपटून म्हणाले, “प्रामाणिक आहेस.” फाईल मिटण्यापूर्वी तिला तो कागद क्षणभर दिसला. त्यावर चूक होती, कबुली होती, सही होती, आणि एकच तारीख होती. वाचणाऱ्याला वाटावं, या मुलीला चूक कळली आणि तिनं ती त्याच दिवशी सांगून टाकली.